यंत्राशी किती नम्रतेने बोलावे?

दिवाळीच्या सुटीत आमच्या येथे मंडळी जमली म्हणजे ओसरीवर एक आणि स्वयंपाकघरात एक अशा दोन सभा भरतात, व एका सभेतील विषयाचा दुसरीस सहसा गंधही नसतो. गेल्या वर्षी मात्र एका विषयाने दोन्ही सभा एकत्र आणल्या. आमचा पुतण्या संगणकाच्या विद्येवर निर्वाह करतो. भाऊबीजेच्या आदल्या रात्री दोन वाजून गेले तरी त्याच्या खोलीतील दिवा मालवलेला नव्हता. सकाळी चहाच्या वेळी दादांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी व आमच्या थोरल्या बंधूंनी, त्यास विचारले, "रात्री एवढे काय चालले होते?"

"बाबा, पाच आणि तीन यांची बेरीज करीत होतो."

दादांनी तेहतीस वर्षे शाळेत गणित शिकविलेले. त्यांनी कप खाली ठेवला. "मग? झाली का?"

"नाही. यंत्र म्हणते, तुम्ही पुरेसे नम्र नाही."

हे ऐकून वहिनी हातातील झाऱ्यासकट बाहेर आल्या. "त्या यंत्राला म्हणावे, ते त्याच्याकडे वडिलांकडूनच आले आहे," एवढे बोलून त्या पुन्हा आत गेल्या. सारे हसले, दादा मात्र हसले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, चांगला शिकलेला, एका मुलीचा बाप झालेला मनुष्य रात्र जागवून पाच आणि तीन यांची बेरीज करतो, आणि तीही त्यास साधत नाही, तर त्याच्या शिक्षणावर घातलेला पैसा आणि काळ कोणत्या खात्यावर मांडावा? पुतण्या यावर काही बोलला नाही. त्याने कप उचलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. ते आम्हास लागले. दुपारी आम्ही त्याजकडे जाऊन सारा प्रकार समजावून घेतला, पुढे त्या भाषेची मूळ पुस्तिकाही वाचून काढली. त्यात जे आढळले ते वाचकांस सांगण्याजोगे वाटते.

संगणक हा नोकर अतिशय कामसू, परंतु त्यास स्वतःची अक्कल म्हणून नाही. त्यास समजतात ती दोनच अक्षरे, शून्य आणि एक. त्याच्याशी या दोन अक्षरांत बोलत बसणे माणसास अशक्य, म्हणून विद्वानांनी मधल्या काही भाषा रचल्या. माणसाने त्या भाषेत आज्ञा लिहाव्या आणि कंपायलर नावाच्या दुभाष्याने त्या यंत्राच्या बोलीत उतरवाव्या, अशी योजना. १९५७ साली फोरट्रान आली, पाठोपाठ अल्गोल आणि कोबोल आल्या, आणि प्रत्येक भाषेचा कर्ता आपली भाषा किती सोपी, किती स्वच्छ, किती शिस्तीची आहे हे सांगू लागला. प्रत्येकीबरोबर गंभीर चेहऱ्याची एक जाडजूड पुस्तिकाही असे.

अशा वातावरणात अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या डॉन वुड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी २६ मे १९७२ रोजी पहाटे एक नवी भाषा जन्मास घातली. इतर कोणत्याही भाषेशी तिचे काडीचेही साम्य असू नये, हीच त्यांची महत्त्वाकांक्षा. तिचे पूर्ण नाव त्यांनी 'जिच्या नावाचे उच्चारता येण्याजोगे लघुरूप होत नाही अशी कंपायलर भाषा' असे ठेवले, आणि त्याचे लघुरूप ठरविले 'इंटरकॅल'. ते पूर्ण नावातून कसे निघाले हे विचारण्यात अर्थ नाही. ते सहज उच्चारता येते, हीच थट्टा. पण ही केवळ कागदावरची थट्टा नव्हती. त्यांनी तिचा दुभाषी खरोखर लिहिला, तो आयबीएमच्या ३६० श्रेणीच्या यंत्रावर चालविला, आणि १९७३ मध्ये तिची रीतसर पुस्तिकाही सिद्ध केली. यांपैकी वुड्स यांनी पुढे १९७७ च्या सुमारास विल क्राउदर यांचा गुहेतील साहसाचा खेळ वाढवून लिहिला, आणि तो संगणकावरील खेळांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

आता नम्रतेची गोष्ट. या भाषेतील प्रत्येक आज्ञा 'डू' म्हणजे 'कर' या शब्दाने सुरू होते; तिच्याआधी 'प्लीज' हा आर्जवाचा शब्दही लावता येतो. सर्व आज्ञांपैकी एक-पंचमांशाहून कमी आज्ञांत 'प्लीज' असेल तर दुभाषी लेखकास उद्धट ठरवून काम नाकारतो. एवढ्यावर थांबले असते तर ती नुसती शिष्टाचाराची शिकवण झाली असती. परंतु 'प्लीज'चे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक झाले, तर हा मनुष्य फाजील लाघवी आहे असे म्हणून तो तेव्हाही काम नाकारतो! आणि मौज अशी की, मूळ पुस्तिकेत या नियमाचा उल्लेखच नाही. नव्या सुनेस घरची रीत कोणी सांगत नाही, चुकली म्हणजे मात्र ती सर्वांस ठाऊक असते, त्यातलाच हा प्रकार.

ही थट्टा इंग्रजीतच शोभते, असे आमचे मत आहे. इंग्रजी क्रियापदास मानाचे रूप नाही, म्हणून त्या लोकांस आर्जवासाठी वेगळा शब्द बाळगावा लागतो आणि तो मोजता येतो. आपल्याकडे 'कृपया' हा शब्द कचेरीच्या पाटीवर राहतो. पंगतीत कोणी 'कृपया मीठ वाढा' म्हणाला तर वाढणारीचा हात थबकेल. मराठीची नम्रता क्रियापदाच्या शेपटीत असते: कर, करा, करावे, करावयाचे होते; शिवाय 'जरा' आणि 'तेवढे' हे दोन लहान चाकर मदतीस असतातच. मराठीत असा दुभाषी लिहावयाचा झाल्यास त्यास आधी घरातील नातीगोती शिकवावी लागतील.

भाषेतील इतर आज्ञांची गंमत आपल्या गृहिणींस पंडितांपेक्षा लवकर उमगेल. 'अॅब्स्टेन' नावाची एक आज्ञा आहे. तिने एखादे वाक्य, किंवा अमुक जातीची सर्वच वाक्ये, वर्ज्य करता येतात. ती आज्ञावलीत लिहिलेली असतात, परंतु पाळी आली की यंत्र त्यांस वगळून पुढे जाते. पुढे 'रीइन्स्टेट' म्हटले की ती पुन्हा चालू. चातुर्मास बसला की कांदा, वांगे स्वयंपाकातून जातात, टोपलीतून नव्हे, आणि चातुर्मास उठला की परततात, तसेच हे. दुसरी आज्ञा 'इग्नोर'. ज्या राशीस ती लागू केली तिला मग काहीही सांगा, ती आपली किंमत बदलीत नाही, आणि बदलली नाही हे कळूही देत नाही. रुसून बसलेल्या माणसाचे याहून नेमके वर्णन आम्ही वाचलेले नाही. काम संपविण्याची आज्ञा 'गिव्ह अप' म्हणजे 'हात टेक' अशी आहे. बाहेरून माहिती घ्यावयाची असता 'आत लिही' म्हणावयाचे आणि उत्तर दाखवावयाचे असता 'बाहेर वाच' म्हणावयाचे. यंत्राच्या जागी बसून पाहिले तर दोन्ही उलटे आहे, आणि ते हेतुपुरस्सर उलटे आहे.

पुस्तिकेचा थाटही असाच. सर्व ग्रंथांच्या शेवटी परिशिष्ट असते, आणि इंग्रजीत परिशिष्टास व पोटातील आंत्रपुच्छास एकच शब्द आहे. तेव्हा कर्त्यांनी विचार केला की, आपण दुसरे एखादे काढून टाकता येण्याजोगे इंद्रिय जोडावे. म्हणून त्या पुस्तिकेच्या शेवटी परिशिष्टाऐवजी 'टॉन्सिल' आहे. विरामचिन्हांचीही नवी बारशी झाली आहेत: पूर्णविराम म्हणजे ठिपका, स्वल्पविराम म्हणजे शेपूट, दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे सशाचे कान.

एका आज्ञेचा इतिहास मात्र थोडा सविस्तर सांगितला पाहिजे. पूर्वीच्या आज्ञावल्यांत 'येथून अमक्या ओळीकडे जा' अशी 'गो टू' नावाची आज्ञा सर्रास वापरली जाई. तिच्यामुळे लेखनाचा इतका गुंता होतो की वाचणारा वाट चुकतो, असे डच पंडित एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ साली एका प्रसिद्ध पत्रात मांडले, आणि त्यावर मोठा वाद माजला. तेव्हा लॉरेन्स क्लार्क यांनी डिसेंबर १९७३ च्या 'डेटामेशन' मासिकात गंभीर चेहऱ्याने उपाय सुचविला: 'जा' नको असेल तर 'ये' घ्या. 'कम फ्रॉम' म्हणजे 'अमक्या ओळीवरून येथे ये'. यात मेख अशी की, ज्या ओळीवरून निघावयाचे तेथे काहीच लिहिलेले नसते. समजा, आमच्या विहिरीवर कोणी मनुष्य स्नान करीत आहे. चार घरे सोडून राहणाऱ्या कोणी आपल्या भिंतीवर लिहून ठेवले आहे की, त्या विहिरीवरचे स्नान आटोपताच स्नान करणाराने आमच्या पडवीत उभे राहावे. विहिरीवर पाटी नाही, निरोप नाही. तांब्या खाली ठेवला की तो मनुष्य ओल्या अंगाने त्या पडवीत! एरिक रेमंड यांनी १९९० साली इंटरकॅलचा जीर्णोद्धार करून नवा दुभाषी लिहिला, तेव्हा ही आज्ञा त्यांनी आवर्जून भाषेत घातली.

त्या नव्या दुभाष्याचा आपल्याशीही थोडा संबंध येतो. इंटरकॅलमध्ये संख्या आकड्यांनी देता येत नाही. एकेक अंक शब्दांनी उच्चारावा लागतो, आणि उत्तर येते ते रोमन अंकांत. मूळ भाषेत हे अंकशब्द इंग्रजीच होते. नव्या दुभाष्यास बास्क, टॅगालॉग, जॉर्जियन, मेक्सिकोची जुनी नाहुआट्ल वगैरे भाषांतील अंकशब्द शिकविले आहेत, आणि त्या यादीत संस्कृत आहे. ज्या देशाने शून्यासह दशमान अंक जगास दिले, त्या देशाच्या भाषेत संख्या विचारून उत्तर मात्र शून्य नसलेल्या रोमन अंकांत द्यावयाचे, यातील खोच कर्त्यांच्या मनात होती की नाही न कळे. आम्हास ती झोंबली आणि आवडलीही.

ही एकच भाषा अशी आहे असे नाही. १९९३ साली आठच चिन्हांची एक भाषा निघाली, तिचे नाव कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात छापण्याजोगे नाही. १९९८ ची 'मालबोल्ज' दान्तेच्या नरकातील एका वर्तुळाच्या नावाने ओळखली जाते. तिच्यातील पहिली आज्ञावली दोन वर्षांनी सापडली, आणि तीही माणसास न सुचता दुसऱ्या आज्ञावलीकडून शोधवून घ्यावी लागली. १ एप्रिल २००३ रोजी निघालेल्या 'व्हाइटस्पेस' भाषेत तर केवळ मोकळ्या जागांना अर्थ आहे; तिच्यात लिहिलेले पान कोरे दिसते. परंतु या साऱ्यांची पणजी इंटरकॅलच होय.

येथे दादांचा प्रश्न उभा राहतो: हे कशासाठी? आम्ही प्रथम कूटश्लोकांचा दाखला देऊन पाहिला. न थांबता लिहिण्याची अट घालणाऱ्या गणेशास अर्थाशी अडवून धरण्यासाठी व्यासांनी आठ हजार आठशे कूटे रचली अशी कथा आहेच. आणि ज्याचे ओठ प्रियेच्या दंतक्षताने दुखावले आहेत अशा पात्राच्या तोंडी दण्डीने ओष्ठ्य वर्णावाचून सबंध उच्छ्वास घातला, हेही प्रसिद्ध आहे. दादा म्हणाले, "दण्डीने गोष्ट तरी सांगितली. तुझ्या पुतण्याने काय सांगितले?" दाखला लंगडा होता हे कबूल केले पाहिजे. कूटकार आपले सामर्थ्य दाखवितो. हे दोन विद्यार्थी आपल्याच विद्येच्या अंगावरचा शेला ओढून पाहत होते. तेव्हा आम्ही वाद सोडला आणि पुतण्यास म्हटले, "तुझी बेरीज बाबांसमोर मांड."

त्याने कागद घेतला. बेरीज अडते याचे कारण असे की, या भाषेत अधिकाचे चिन्हच नाही. वजाबाकी, गुणाकार, भागाकार हेही नाहीत. (पुस्तिकेबरोबर तयार बेरजेची सोय दिलेली आहे, पण ती न वापरता स्वतः करून पाहण्याचा त्याचा हट्ट होता.) आहेत त्या क्रिया विचित्र. पहिली गुंफण: दोन संख्या शून्य-एकाच्या लिपीत लिहावयाच्या आणि वेणीत अबोली व मोगरा एकाआड एक ओवावा तसे त्यांचे अंक ओवावयाचे. दुसरी निवड: सुपातील तांदूळ निवडावे तसे संख्येतील हवे तेवढे अंक वेचून घ्यावयाचे व एका बाजूस लोटावयाचे. तिसरी, शेजाऱ्याशी तुलना: संख्येतील प्रत्येक अंक त्याच्या शेजारच्या अंकाशी ताडून पाहावयाचा. गुंफणीचे एक उदाहरण पुस्तिकेतच आहे. या भाषेत थेट लिहिता येणारी मोठ्यात मोठी संख्या ६५५३५. मग ६५५३६ कसे लिहावयाचे? तर शून्य आणि २५६ यांची वेणी घालावयाची. दादांनी हे ऐकून मान हलविली, पण पेन्सिल घेतली. २५६ म्हणजे त्या लिपीत एकावर आठ शून्ये. प्रत्येक शून्याच्या डावीकडे एकेक शून्य ओवले की एकावर सोळा शून्ये. आणि तेच ६५५३६. "बरोबर आहे," दादा म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली.

"आता पाच आणि तीन," पुतण्या म्हणाला. पाच म्हणजे एक-शून्य-एक. तीन म्हणजे शून्य-एक-एक. दोघांची वेणी घातली की एकाच घरातले अंक शेजारी येतात. शेजारी भिन्न असतील तेथे एक, सारखे असतील तेथे शून्य मांडावयाचे, आणि मग एकाआड एक अंक निवडून घ्यावयाचे. आले एक-एक-शून्य. "ही झाली बेरीज—"

"ही बेरीज नव्हे," दादा एकदम म्हणाले. "हातचा कुठे आहे?"

पुतण्या हसला. "तेच, बाबा. रात्रभर हातचाच शोधत होतो."

ज्या मनुष्याने तेहतीस वर्षे कोवळ्या मुलांस 'हातचा एक' शिकविला, त्याच्या मर्मावरच हे बोट पडले. दोन्ही शेजारी एक असतील तेथे हातचा येतो, तो एक घर डावीकडे सरकवून पुन्हा मिळवावयाचा. त्यातून नवा हातचा निघाला तर पुन्हा तेच. दादांनी मांडून पाहिले. पाच आणि तीन यांचा हातचा एकदा नव्हे, तीनदा डावीकडे सरकतो, आणि चौथ्या घरात जाऊन बसतो तेव्हा कोठे आठ होतात. ते म्हणाले, "मुलांची चूक नेमकी इथेच होते. पहिला हातचा सगळे धरतात, हातच्यातून निघालेला हातचा सोडतात. मी म्हणत असे, लक्ष नाही." काही वेळ ते कागदाकडे पाहत राहिले. अधिकाचे चिन्ह एवढे काम पोटात घालते, हे आम्हासही त्या दिवशीच दिसले. त्या कामाची किंमत किती, याचाही एक दाखला आहे: ६५५३६ च्या आतील सर्व मूळसंख्या एरॅटोस्थेनिसच्या चाळणीने काढण्याचे काम सन कंपनीच्या एका यंत्रावर सी भाषेत अर्ध्या सेकंदाच्या आत झाले, आणि त्याच यंत्रावर इंटरकॅलमध्ये त्यास सतरा तासांहून अधिक लागले.

त्या रात्री त्या खोलीत दिवा जळत होता आणि आत दोन डोकी होती. आम्ही अकराच्या सुमारास डोकावलो तेव्हा दादा ओळी सांगत होते आणि चिरंजीव टंकलेखन करीत होते. संख्या संस्कृतातच द्यावयाच्या, असा दादांचा आग्रह होता. एकच्या सुमारास मोठ्याने हसण्याचा आवाज आल्यामुळे वहिनीही उठून आल्या. दुभाष्याने आज्ञावली नाकारली होती. कारण विचारता पुतण्याने पडद्यावरील ओळ वाचून दाखविली: लेखक फाजील नम्र आहे. आदल्या दिवशीचा अपमान ध्यानात ठेवून दादांनी प्रत्येक ओळीस 'प्लीज' लावविले होते.

वहिनी दारात उभ्या राहून पडद्याकडे पाहत होत्या. "एवढ्या वेळा?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत आम्हास एकदा म्हटले असते तर पुरले असते."

दादांनी चष्मा नीट बसविला आणि म्हणाले, "कृपया चहा टाकता का?" मग ते एकेक 'प्लीज' खोडावयास लागले. चहा येईपर्यंत एक-तृतीयांश उरले होते, आणि घड्याळाच्या तबकडीवर असतो तसा रोमन आठ पडद्यावर उमटला होता.